खणाचा कोपरा आणि राउटरची निवड

डव्हटेल हा दोन फळ्या काटकोनात जोडण्याचा सांधा. एका फळीच्या टोकाला शेपट्या कोरायच्या आणि दुसरीच्या टोकाला त्या शेपट्या बसतील अशा खाचा. शेपटी मुळाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद असते, पारव्याने पिसे पसरावीत तशी. सांध्याचे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले. टेबलाचा खण दिवसातून दहा वेळा मुठीला धरून ओढला जातो आणि दर वेळी दर्शनी फळी बाजूच्या फळ्यांपासून उखडायला बघते. ओढ ज्या दिशेने येते त्याच दिशेला डव्हटेल पाचरीसारखा अडलेला असतो. खिळा नसला, सरस वाळून सुटला, तरी फळी जागची हलत नाही.

लातूर, औसा, निलंगा, कंधार, देगलूर या भागात खण या शब्दाला दुसराही अर्थ आहे. माळवदाच्या घरात दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती खणांचे यावर त्याचा मोठेपणा ठरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, तरी बऱ्याच घरांत खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिलेला दिसला. घराचा खण आणि टेबलाचा खण यांत मापाचा फरक प्रचंड, पण दोन्हीकडे लाकडाने लाकडाला धरायचे असते. गावच्या सुताराकडे त्यासाठी करवत, पटाशी, गुण्या आणि हातोडा एवढेच असे. हाताने डव्हटेल कापताना शेपटीचा उतार कठीण लाकडात साधारण एकास आठ आणि नरम लाकडात एकास सहा ठेवायचा, हा जुना आडाखा आजही चालतो.

एखाददुसऱ्या खणासाठी हाताचा डव्हटेल आजही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत देखणा. पण स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बारा खण लागतात, म्हणजे अठ्ठेचाळीस कोपरे, तेव्हा जिग आणि राउटर यांचा विचार सुरू होतो. नांदेड-लातूरच्या बहुतेक सुतारांकडे एक यंत्र आधीच असते: सनमाइकाच्या कडा साफ करायचा ट्रिमर. त्यामुळे प्रश्न बहुधा असा पडतो की हाच ट्रिमर जिगवर चालेल, की मोठा राउटर घ्यावा? दुकानात या प्रश्नाचे उत्तर वॉटमध्ये मिळते. ते उलट्या टोकाने दिलेले उत्तर आहे. आधी सांधा ठरतो, सांध्यावरून बिट, बिटावरून गाइड बुश, बुशावरून बिटाच्या दांडीची जाडी, आणि दांडीवरून यंत्र. वॉटचा क्रमांक सगळ्यांत शेवटी.

सर्वाधिक वापरातली जिग हाफ ब्लाइंड सांध्याची असते, म्हणजे खणाच्या पुढून सांधा दिसत नाही, फक्त बाजूने दिसतो. जिग म्हणजे एक शिकंजा आणि त्यावर बसवलेली धातूची किंवा प्लास्टिकची फणी. खणाची दर्शनी फळी शिकंज्यात आडवी बसते, बाजूची फळी तिच्यापुढे उभी. दोन्हींच्या आतल्या बाजू बाहेर राहतात, आणि उभी फळी आडवीपेक्षा अर्ध्या दात्याने सरकवलेली असते. राउटरच्या बैठकीला खालून एक नळीसारखी कडी बसवतात, तिला गाइड बुश म्हणतात. ही कडी फणीच्या दात्यांना घासत आत-बाहेर फिरते आणि तिच्यातून खाली आलेले बिट दोन्ही फळ्या एकाच फेरीत कापते. उभ्या फळीत शेपट्या तयार होतात आणि आडवीत खाचा. हाताच्या कामात ज्याला दोन वेळा आखणी आणि दोन वेळा कापणी लागते, ते इथे एकदाच होते. म्हणून जिगचे काम वेगवान. पण म्हणूनच एक चूक दोन फळ्या एकदम वाया घालवते.

बुश ही या सगळ्यातली सर्वांत लहान वस्तू, आणि खरेदी फसते ती तिच्यामुळेच. हाफ ब्लाइंड जिगमध्ये फार प्रचलित असलेली एक जोडी घ्या: अर्धा इंच व्यासाचे १४ अंशांचे बिट आणि बाहेरून ७/१६ इंचाचा बुश. बिटाचा सर्वांत रुंद भाग १२.७ मि.मी., तर बुशाचा बाहेरचा व्यास ११.१ मि.मी. आणि आतले भोक जेमतेम साडेनऊ मि.मी. म्हणजे बिट बुशापेक्षा मोठे आहे. ते बुशातून वर जाऊच शकत नाही. त्याची फक्त दांडी बुशातून जाते आणि कापणारा भाग कायम खाली राहतो. आता सुतारी सुतात हिशेब केला तर पाव इंच म्हणजे दोन सुती दांडी या भोकातून सहज जाते, ८ मि.मी.चीही जाते, पण अर्धा इंच म्हणजे चार सुती दांडी जात नाही. अर्ध्या इंचाच्या कॉलेटचा, म्हणजे दांडी धरणाऱ्या पकडीचा, भारी राउटर मोठ्या हौसेने आणला आणि त्याला लहान कॉलेट किंवा कमी मापाची बाही मिळाली नाही, तर या जिगपुढे तो निरुपयोगी ठरतो.

याच कारणाने प्लंज राउटरचा मुख्य गुण इथे कामी येत नाही. प्लंज राउटर म्हणजे मोटर स्प्रिंगवर वर-खाली सरकणारा. खोल खाच थोडीथोडी उतरवत कापायला तो उत्तम. डव्हटेलला मात्र तिरपी बाजू असते. पहिल्या फेरीत ५ मि.मी. आणि दुसरीत १० मि.मी. असे केले तर वरच्या भागातला उतार बिटाच्या रुंद टोकाने आधीच खाऊन टाकलेला असतो आणि शेपटीऐवजी ओबडधोबड खाच उरते. पूर्ण खोली एकाच फेरीत कापायची, आणि बिट फिरत असताना राउटर वर उचलायचा नाही. प्लंजची सवय असलेला हात काम संपले की नकळत लीव्हर सोडतो. मोटर उसळते, बिट सांध्याच्या वरच्या कडेतून, बुशातून आणि कधी फणीच्या दात्यातून वाट काढते. फळी गेली तर दुसरी मिळते, फणी पुन्हा मागवावी लागते. म्हणून जिगसाठी स्थिर बैठकीचा राउटर बरा. आपल्याकडे बाजारात मधल्या आकाराचे स्थिर राउटर फारसे दिसत नाहीत. बहुतेक यंत्रे एक तर ट्रिमर असतात किंवा प्लंज. प्लंजच वापरायचा असेल तर खोली लावून कुलूप घट्ट करायचे आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शिवाय एक गोष्ट आधीच तपासून घ्यायची: मोटर पूर्ण खाली दाबल्यावर कॉलेट बैठकीच्या इतके जवळ येते का, की बुशातून वर आलेली आखूड दांडी त्यात किमान २० मि.मी. पकडली जाईल? काही मोठ्या प्लंज यंत्रांत ते येत नाही.

खोलीची बारीक जुळवणी करता येते की नाही, हा निवडीतला पुढचा मुद्दा, आणि तो वॉटपेक्षा कितीतरी महत्त्वाचा. हाफ ब्लाइंड सांध्याची घट्ट-सैल बसण शेवटी बिटाच्या खोलीवर ठरते. बिट खाली केले की सांधा घट्ट होतो, वर घेतले की सैल. ऐकायला उलटे वाटते, पण बिट खालून रुंद असल्याने ते जितके खोल जाईल तितके फळीच्या पृष्ठभागावर खाचेचे तोंड अरुंद राहते आणि तितकीच शेपटी टोकाशी रुंद उरते. १४ अंशांच्या बिटाला हिशेब असा: खोली १ मि.मी. वाढली तर बसण सुमारे अर्धा मि.मी. घट्ट होते. खोलीत ०.१ मि.मी.चा फरक म्हणजे बसणीत ०.०५ मि.मी.; जाड कागद आणि पातळ कागद यांच्यातला फरक. हातोडीने अलगद ठोकल्यावर बसणारा सांधा आणि फळी फोडणारा सांधा यांत अंतर एवढेच असते. ज्या ट्रिमरमध्ये मोटर हाताने सरकवून खटका लावतात, त्यात ही जुळवणी नशिबावर. ज्याला पेचाची चकती आहे, पाव वळण दिले की ठरावीक अंतर सरकते, तोच जिगला योग्य. दुकानात बिट न लावताही हे पाहता येते. चकती फिरवल्यावर मोटर जिथे येते तिथेच थांबते, की खटका आवळताना पुन्हा थोडी घसरते, एवढे बघायचे.

घसरणीची दुसरी जागा म्हणजे कॉलेट. आपल्या बाजारात ६ मि.मी. आणि पाव इंच अशी दोन्ही दांड्यांची बिट शेजारीशेजारी टांगलेली असतात आणि डोळ्यांना सारखीच दिसतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ मि.मी.ची दांडी आवळली तर ती आवळल्यासारखी वाटते, पण सगळीकडून पकडली जात नाही. सरळ बिटात हा दोष कदाचित खपून जाईल. डव्हटेल बिटाच्या तिरप्या धारेवर लाकूड वरून दाबते, म्हणजे कापतानाच बिट कॉलेटमधून बाहेर ओढले जाते. पहिला कोपरा बरोबर बसतो, तिसरा घट्ट, पाचवा बसतच नाही, आणि सुतार जिगला दोष देत राहतो. राउटरसोबत कोणत्या मापाचे कॉलेट येते हे खोक्यावर वाचून, त्याच मापाची बिट घ्यायची. ८ मि.मी.चे कॉलेट मिळत असेल तर ते उत्तम, कारण त्याची दांडी पाव इंचापेक्षा कडक आणि तरीही लहान बुशातून जाणारी.

बिट जिथे सर्वांत नाजूक असते, तिथेच त्याच्यावर सर्वांत जास्त भार येतो. अर्ध्या इंचाचे १४ अंशांचे बिट १० मि.मी. खोल गेले, तर लाकडाच्या पृष्ठभागाच्या पातळीला त्याची रुंदी जेमतेम पावणेआठ मि.मी. उरते. त्याच्या आतला पोलादी गाभा तर आणखी बारीक. म्हणून राउटर कितीही ताकदवान असला तरी त्याला लोटून चालत नाही. ताकद लागते ती वेग टिकवायला. मोटर दमली, फेरे घसरले, तर बिट लाकूड कापण्याऐवजी ढलप्या उपटते, आणि सागासारख्या लाकडावर काळे चटके उमटतात.

ताकदीच्या दृष्टीने बाजारातल्या यंत्रांच्या ढोबळ पायऱ्या पडतात. माकिताचा ३७०९ हा ५३० वॉटचा, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांचा ट्रिमर आणि बॉशचा जीकेएफ ५५० हा ५५० वॉटचा, ३३,००० फेऱ्यांचा. सनमाइकाच्या कामासाठी सुतारांच्या हातात दिसतात ते या जातीचे. वजनाने हलके, पण वेग एकच. पातळ फळीत, संथ हाताने, यांच्यावरही हाफ ब्लाइंड निघतो. अठ्ठेचाळीस कोपऱ्यांचे काम असेल तर मोटर तापते. त्याच्या वरची पायरी माकिताच्या आरटी०७००सी सारख्या ७१० वॉटच्या यंत्राची, ज्यात वेग १०,००० ते ३०,००० असा बदलता येतो. त्यापुढे बॉशच्या जीओएफ १३० सारखा १,३०० वॉटचा, ११,००० ते २८,००० फेऱ्यांचा प्लंज राउटर. आणि शेवटी अर्ध्या इंचाच्या कॉलेटची पाच किलोच्या आसपासची जड यंत्रे. लहान हाफ ब्लाइंड जिगसाठी ७०० ते १,३०० वॉट हा पट्टा पुरेसा आहे. त्याहून जास्त ताकद या सांध्यात वापरलीच जात नाही, वजन मात्र सोसावे लागते. फणीवर राउटरची बैठक अर्धीच टेकलेली असते, पुढचा अर्धा भाग हवेत. जड आणि उंच यंत्र क्षणभर पुढे कलंडले तरी बिट शेपटीचा गळा कापते. ट्रिमरची अडचण नेमकी उलटी. त्याची चौकोनी बैठक इतकी लहान की ती दात्यांवर डळमळते. तिच्याखाली जाड ॲक्रिलिकची किंवा फिनॉलिक प्लायची मोठी बैठक बसवली की हा दोष बराच जातो.

अशी बैठक बसवताना बुश आणि बिट यांचे केंद्र एकच राहिले पाहिजे. ते अर्धा मि.मी. जरी हलले, तरी राउटर हातात फिरला की खाच इकडे-तिकडे सरकते. उपाय साधा आहे: राउटरची एक मूठ किंवा वायरीची बाजू ठरवून ती शेवटपर्यंत आपल्याकडेच ठेवायची, दात्यांमधून जाताना यंत्र गोल फिरवायचे नाही. मग चूक राहिली तरी ती सगळ्या खाचांत सारखीच राहते.

लाकडाचा विचार यंत्रासोबतच करावा लागतो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट आणि माहूरकडे सागाची जंगले आहेत, आणि या भागात भरीव लाकडाचा खण म्हटले की पहिली मागणी सागाचीच. साग कापायला मऊ वाटतो, पण त्यात सिलिकाचे बारीक कण असतात आणि साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार ते थोड्याच वेळात मारतात. सागाला कार्बाइडच्या धारेचेच बिट हवे. बाभूळ जास्त घट्ट आणि जड, बैलगाडीला आणि औतांना वापरली जाई ती म्हणूनच. तिच्यात फेरी आणखी संथ घ्यावी लागते. प्लायवूडमध्ये डव्हटेल करायचा मोह टाळावा. आडव्या-उभ्या थरांतल्या शेपटीचे कोपरे कापतानाच उडतात, आणि तिथे स्क्रू किंवा साधी खाचजोड जास्त टिकते.

मराठवाड्याचे हवामान लाकडाशी फार खेळते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसते, ऑगस्टमध्ये फुगते. ओल्या लाकडापासून पूर्ण वाळेपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्याच्या आडव्या, गाभ्याकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. त्या प्रमाणात, ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक पडला तर १५० मि.मी. रुंदीच्या फळीत जवळपास दीड मि.मी.चा फरक पडू शकतो. डव्हटेलचे भले एवढेच की दोन्ही फळ्यांच्या रेषा एकमेकींशी जुळत्या असतात आणि त्या उंचीत बरोबरीने फुगतात, त्यामुळे सांधा स्वतः फुटत नाही. अडकतो तो खण, कपाटाच्या चौकटीत. उन्हाळ्यात खण केला तर वर मोकळी जागा थोडी जास्तच सोडायची.

विजेचाही एक हिशेब आहे. १,२०० वॉटचा राउटर २३० व्होल्टवर पाच-सव्वापाच अँपिअर घेतो, साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालतो. दोन हजार वॉटचे यंत्र नऊ अँपिअरच्या आसपास जाते, त्याला १६ अँपिअरचा प्लग हवा. व्होल्टेज घसरले की मोटरची ताकद बरीच उतरते. वेग स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सोय असेल तर ती काही मर्यादेपर्यंत सांभाळते. तालुक्याच्या गावी साईटवर काम करणाऱ्याने म्हणूनच ७०० ते १,३०० वॉटच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडचे यंत्र पाहावे.

अर्ध्या इंचाच्या जड यंत्राला काहीच काम नाही असे नाही. पुढूनही आणि बाजूनेही दिसणारा आरपार डव्हटेल वेगळ्या फणीवर, दोन बिटांनी होतो: शेपट्यांसाठी ७ किंवा ८ अंशांचे डव्हटेल बिट आणि पिनांसाठी, म्हणजे दुसऱ्या फळीच्या खाचांमधल्या खुंट्यांसाठी, सरळ बिट. पेटी, संदूक किंवा देव्हाऱ्याच्या पाऊण इंची फळीत १८ मि.मी. खोलीची फेरी एकदम घ्यावी लागते. इथे बुश मोठा, त्यातून अर्ध्या इंचाची दांडीही जाते, आणि भारही खरा असतो. हे काम वारंवार करणाऱ्याला दीड हजार वॉटच्या वरचा राउटर उपयोगी पडतो. खणांचे काम करणाऱ्याला नाही.

दुकानात जाताना जिग शक्य नसली, तरी तिचा बुश आणि बिट खिशात न्यावे. बुश यंत्राच्या बैठकीत बसतो का, की त्या कंपनीचा वेगळा बुश लागतो; बिटाची दांडी बुशातून वर घालून कॉलेटमध्ये पुरेशी पकडली जाते का; खाली १० मि.मी. उरते का, ही तीन उत्तरे काउंटरवर पाच मिनिटांत मिळतात. चौथा प्रश्न सुट्या भागांचा: कॉलेट, कार्बन ब्रश आणि बुश गावात मिळतात, की हैदराबादहून किंवा पुण्याहून मागवावे लागतात.

यंत्र आले की पहिले कोपरे त्याच लाकडाच्या, त्याच जाडीच्या तुकड्यांवर कापायचे. पहिली हलकी फेरी उजवीकडून डावीकडे घेतली तर फळीच्या पुढच्या कडेच्या ढलप्या उडत नाहीत. मग डावीकडून उजवीकडे, प्रत्येक दात्यात आत-बाहेर. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला फडके हवे, सागाचा भुसा घशाला लागतो. मोटर पूर्ण थांबेपर्यंत राउटर फणीवरून उचलायचा नाही. तीन-चार तुकड्यांत बसण जुळते. जो तुकडा हाताच्या दाबाने अर्धा आणि हातोडीने उरलेला अर्धा बसला, त्यातला शेपट्यांचा तुकडा जपून ठेवायचा. त्यातल्या खाचेची खोली लाकडाच्या लांबीच्या दिशेने असते आणि त्या दिशेने लाकूड जवळपास फुगत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी पावसाळ्यातही राउटर उलटा करून त्याच खाचेवरून बिटाची उंची लावता येते.